बिस्किटाएवढा पंखा

उन्हाळा चढला हे मला हल्ली सुनीच्या तोंडून कळतं. परवा दुपारी ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "अण्णा, पंखा वाढलाय." छताचा नव्हे. भिंतीतल्या फळीवर चपात्यांच्या डब्याएवढं कॉम्प्युटरचं मशीन बसवलंय, त्याच्या डोक्यावरचा. बाहेर ऊन तापलं की मशीन तापतं, मशीन तापलं की तो पंखा पळायला लागतो. मी उठलो, एक चादर भिजवली, खिडकीच्या गजांना बांधली आणि मग खाटेकडं बघितलं. ही, सुनीची आई, जागी होती. डावा हात पोटावर सैल पडलेला. मुठीत काही धरलेलं नव्हतं. म्हणजे अजून चालण्यासारखं होतं.

एवढ्यावरून गेल्या वर्षीचे चैत्र-वैशाख अंगावर आले. आमच्या विश्रांतवाडीत उन्हाळा म्हणजे गच्चीवरची टाकी तापून नळाला आयतं चहाचं पाणी येणं. आळंदी रस्त्यावरच्या डांबराचा वास. कलिंगडाच्या गाडीवर मांडलेली लाल फोड आणि तिच्यावरून न हलणारी माशी. हे सगळं मला दिसतं, वास येतो. पण तो उन्हाळा खरा होता आवाजाचा, आणि त्याचं आठवणं मला जड जातं.

फाल्गुन संपता संपता हिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. लग्न होऊन आली तेव्हापासून ही बाई बोलत होती. भाजी निवडताना, भांडी घासताना, देवापुढं बसल्यावरसुद्धा मधेच मान वळवून काहीतरी सांगणारी. तिला दवाखान्यातून घरी आणली ती गप्प. डॉक्टर म्हणाले, "समजतं त्यांना सगळं. बोलता येणार नाही, एवढंच." एवढंच! त्या शब्दाला कुठं ठेवावं हे मला अजून कळलेलं नाही.

घर आमचं एक खोली आणि तिच्यापुढं बिनदाराचं स्वयंपाकघर. सुनी ही आमची एकुलती मुलगी. तिचं लग्न झालं आणि मोडलं, त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. कोथरूडच्या एका कचेरीत ती इमारतींचे नकाशे काढते. आईसाठी घरून काम करायची परवानगी तिनं मागून घेतली, कारण आईला कुशीवर वळवायचं तर दोन माणसं लागतात. एकदा मी हट्टानं एकट्यानं उचलायला गेलो. दोघंही जमिनीवर आलो. सुनी बाजारातून येईपर्यंत मी हिचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसून होतो, आणि ही माझ्याकडं बघत होती. रागानं नव्हे. तेच जास्त लागलं.

सुनीबरोबर कचेरीतला जुना कॉम्प्युटर आला. रिक्षात त्याला वेगळी जागा लागली एवढं मोठं धूड. खाटेच्या पायथ्याशी ठेवलं, दुसरीकडं जागाच नव्हती. चालू केलं की घरघरायचं, मधेच खरडल्यासारखं करायचं. भोसरीच्या कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये ज्याचा जन्म गेला त्याला असल्या आवाजाचं काय?

आणि हिनं जेवण सोडलं.

सोडलं म्हणजे दातावर दात दाबले. चमचा ओठाला लावला की मान फिरवायची. डाव्या हाताच्या मुठीत चादर इतकी घट्ट धरायची की बोटं सोडवायला लागायची. पेज नाही, दूध नाही, पाणी चमच्यानं कसंबसं. दहा दिवसांत गालाची हाडं वर आली. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. "असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. पंधरा दिवस बघू." नळी म्हणजे काय ते मला माहीत होतं. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला घातली होती. तोंडाची सवय गेली ती गेलीच, नळी निघाली ती तिरडी बांधताना.

त्या आठवड्यात मी तिच्यावर ओरडलोही. लिहायला लाज वाटते, पण ओरडलो. "खा ना गं, काय हट्ट लावलाय!" हट्टाचं मी बोलावं!

गुरुवार उजाडला. गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी वीज जाते, तशी दहाला गेली. कॉम्प्युटर बंद, डोक्यावरचा पंखा बंद, खोलीची भट्टी झाली. सुनी पुठ्ठ्यानं आईला वारा घालत होती. मी आपला नेमाचा म्हणून मऊ भाताचा वाडगा घेऊन बसलो, खाईल म्हणून नव्हे. चमचा पुढं केला आणि तिनं तोंड उघडलं. दुसरा घेतला. तिसरा. घामाच्या धारा लागल्या होत्या तिला, मला, आणि वाडगा रिकामा झाला. सुनीच्या हातातला पुठ्ठा थांबला. संध्याकाळी पाचला वीज आली, पायथ्याचं धूड घरघरलं, आणि हिची मूठ चादरीवर मिटली. आम्ही बापलेकींनी एकमेकांकडं बघितलं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, होतं असं काहींना. आवाज कानाला नाही, डोक्याला लागतो. मग आम्ही काय काय केलं! जेवणाच्या वेळी मशीन बंद केलं, पण एकदा उठलेलं डोकं दोन-दोन तास बसायचं नाही, तोवर सुनीचं काम अडायचं, आणि रात्री तिचं काम संपेपर्यंत ही थकून झोपलेली असायची. धुडावर गोधडी घातली, तर ते आतल्या आत तापून बंदच पडलं. कचेरीकडं दुसरं मशीन मागितलं. उत्तर आलं, घरून काम ही सवलत आहे, हक्क नव्हे.

राहिलं एकच. आपण आपलं मशीन घ्यायचं. फळीवर मावेल इतकं लहान, परवडेल असं, आणि गप्प. सुनी म्हणाली, तयार मिळतात पण आपल्या आवाक्यातली आहेत ती गुणगुणतात, सुटे भाग निवडून बांधलं तर जमेल. तिनं कागदावर यादी लिहिली, मोठ्या अक्षरात, मला वाचता यावी म्हणून. मी चौथी शिकलोय. वाचतो, पण अक्षराशी जरा थांबून.

"तुम्ही बसा आईपाशी, मी जाते," ती म्हणाली.

"तू काम कर. पंखा आणि बेअरिंग मला कुणी शिकवायचं नाही."

ही बढाई नव्हती. प्रेसशॉपमध्ये माझा कान प्रसिद्ध होता. मशीन बिघडलं की साहेब आधी मला बोलवायचे, मग इंजिनियरला. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. आत गोळी घासली असेल तर कळते, तेल संपलं असेल तर कळतं. उद्या बंद पडणारं मशीन मी आज सांगत असे. डिग्रीवाली पोरं उभी राहून बघायची. शिक्षण नसलेल्या माणसाकडं एखादीच गोष्ट असते, तिच्यावर तो उभा असतो. माझ्याकडं कान होता.

तर वैशाखाच्या उन्हात तोच स्क्रू ड्रायव्हर पिशवीत घालून मी निघालो. मनपाच्या थांब्यावर बसमधून उतरून नारायण पेठेत चालत. तिथं एका बोळात सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानदार कुंटे म्हणून, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. त्यांनी यादी वाचली.

"कुणी लिहिलीय?"

"मुलीनं."

"तिला कळतं. तुम्हाला काय हवंय?"

"आवाज नको."

"आवाजच नको तर कॉम्प्युटर कशाला, देव्हारा घ्या. अर्थात त्यातही घंटा असते म्हणा."

मी हललो नाही. मग त्यांनी एकेक डबा काढला. त्या पंधरवड्यात मी चारदा गेलो, दर खेपेला उन्हातून, दर खेपेला एखादा भाग समजून घेऊन आलो. मदरबोर्ड म्हणजे सगळ्यांना धरून ठेवणारी पाटी, मला हवी ती वीतभर चौरस. प्रोसेसर म्हणजे डोकं. सुनीचे नकाशे साध्या रेघांचे, त्यांना चित्रांचं वेगळं कार्ड नको, हे डोकंच चित्र दाखवतं. तेवढाच एक पंखा वाचला. जुन्या धुडात माहिती साठवायची तबकडी फिरायची, खरडायची ती तीच. नव्यात तिच्या जागी नुसती पट्टी. मी ती हातात घेऊन हलवून बघितली. आत काही फिरत नाही! प्रेसवर आयुष्य घालवलेल्या माणसाला याचं काय वाटलं सांगू? जे फिरत नाही ते काम करतं यावर माझा विश्वासच बसेना. मग खाटेवरच्या हिची आठवण झाली आणि मी पट्टी खाली ठेवली.

एक गोष्ट मात्र कुंट्यांनी न सांगताही मला ठाऊक होती. लहान आणि गप्प या दोन गोष्टी एके ठिकाणी नांदत नाहीत. मोठा पंखा सावकाश फिरून जेवढा वारा देतो, तेवढा द्यायला लहान पंख्याला जीव तोडून पळावं लागतं. माणसांचंही तसंच आहे. मोठ्यांच्या घरात सगळे हळू बोलतात. एका खोलीत राहणाऱ्यांना गप्प राहणंही महागात पडतं. बसमध्ये खिडकीशी बसून मी हे असलं काहीतरी मनाशी बोलत असे, आणि दिवस मोजत असे. पंधरातले नऊ गेले. दहा गेले.

घोडं अडलं वीज पुरवणाऱ्या भागाशी. दोन प्रकार होते. एक वीट, म्हणजे विटेच्या आकाराचा ठोकळा, बाहेर जमिनीवर ठेवायची, तिला पंखाच नाही, पण महाग. दुसरा आत बसणारा चपटा डबा, निम्म्यात येणारा, आणि त्याच्या पाठीला बिस्किटाएवढा पंखा. कुंट्यांनी तो लावून दाखवला. मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"आजोबा, काय करताय? खोलायचा नाही हं."

टोक चौकटीवर टेकवलं, मूठ हाडाला लावली, डोळे मिटले. बेअरिंग लोण्यासारखं. घरघर नाही, ठोका नाही, काही नाही. दुकानात गिऱ्हाइकं थांबून बघत होती आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

"हा द्या," मी म्हणालो.

कुंट्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "शिट्टी मारतो हा जराशी. घरात आजारी माणूस आहे म्हणालात. वीट न्या."

"महाग ते नेऊ, होय?"

"तसं नाही हो."

"तीस वर्षं बेअरिंग ऐकली मी. मला शिकवू नका."

"बरं," ते म्हणाले. "ऐकलंत तुम्ही. मी नुसता विकतो."

लहान पंख्याचा नियम मला पाठ होता, वर लिहिलाय. पण माझा स्क्रू ड्रायव्हर चुकत नाही हाही माझा नियम होता, आणि दोन नियमांत भांडण लागलं की माणूस आपल्या नावाचा नियम धरतो.

सुनीनं एका दुपारीत सगळं जोडलं. फळीवर मशीन बसलं, बटण दाबलं, निळा ठिपका लागला. मी कान दिला. काही नाही! इतकं शांत की मी टाळी वाजवली.

"अण्णा," सुनी म्हणाली, "बारीक आवाज येतोय का हो?"

"कुठं येतोय? त्या धुडानं तुझे कान गेलेत. चार दिवसांत येतील ठिकाणावर."

ती नकाशाकडं वळली. इतके दिवस मी उन्हात फिरलो होतो ते तिनं बघितलं होतं. पुढं तिनं मला सांगितलं, "मला वाटलं आईला चालेल. आणि तुमच्या तोंडाकडं बघून बोलवेना."

हिला चालेना. आधी निदान पाणी घ्यायची, ते थांबलं. डोळे मिटून पडायची आणि मिटलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी वाहायचं. मी म्हटलं ताप असेल. उन्हाचं असेल. मी देवालाही बोललो, डॉक्टरांनाही बोललो, सगळ्यांना बोललो. मशीन गप्प होतं, मग आता का? आता का खात नाही ही? तीन दिवस उरले होते. मी ओठांवर ओला कापूस फिरवायचो आणि तिनं माझ्या हाताला हिसडा द्यावा. त्या हिसड्यात जोर नव्हता. जोर असता तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी शेजारची रेखा आली, अंबील घेऊन. अमरावतीकडची, नवरा चाकणला कंपनीत. दारातच थबकली.

"काकाजी, हे काय शिट्टी वाजून राह्यली जी?"

"कुठली शिट्टी?"

"हे काय! मले तं जिन्यातून ऐकू आली. कानात सुई घातल्यावानी. मावशीले तरास होत असन ना."

मी सुनीकडं बघितलं. सुनी खाली बघत होती. मी फळीपाशी गेलो, कान मशीनला लावला. नाही. स्क्रू ड्रायव्हर आणला, टेकवला, मूठ हाडाला. नाही, काही नाही. रेखा माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत जे होतं ते मी ओळखलं. भोसरीला म्हाताऱ्या कामगारांकडं आम्ही पोरं असंच बघायचो. मी खाटेकडं वळलो. हिनं डावा तळहात डाव्या कानावर दाबून धरला होता. उजवा कान झाकायला हात नव्हता तिच्याकडं.

सुनीनं बटण बंद केलं. हिचा हात हळूहळू कानावरून खाली आला. माझ्यासाठी खोलीत काहीही बदललं नव्हतं.

मला घरघर ऐकू येते, ट्रक ऐकू येतो, ढोल ऐकू येतो. बारीक, टोकदार असं जे जे आहे, ते प्रेसनं केव्हाच खाल्लं होतं. किती वर्षांपूर्वी? रातकिडे पुण्यातून गेले असं मी लोकांना सांगत असे. इमारती झाल्या, झाडं गेली, रातकिडे गेले, असं भाषण देत असे. रातकिडे होते. मीच गेलो होतो.

आणि मग एकामागून एक सगळं उलगडलं. कुकर लावला की ही बाहेरच्या खोलीतून म्हणायची, "अहो, तिसरी झाली, बंद करा." दाराची बेल वाजली की, "अहो, कोण आलंय बघा." माझ्या खिशातला फोन माझ्याआधी तिला कळायचा. किती बोलते ही बाई, म्हणून मी कावायचो. ती बोलत नव्हती. ती माझ्यासाठी ऐकत होती, आणि मला लाज वाटू नये म्हणून ते बडबडीत मिसळून देत होती. तिची वाचा गेली त्या दिवशी माझे कान गेले, आणि त्या कानांनी मी तिच्यासाठी शांतता विकत आणायला गेलो होतो.

आता माझ्याकडं कानाचं यंत्र आहे. एका शिबिरात मिळालं. पहिल्या दिवशी सुनीनं ताटात चमचा ठेवला आणि मी ओरडलो. प्लास्टिकची पिशवी उघडली तरी डोक्यात पत्रा फाटल्यासारखं होतं. तासाभरात काढून ठेवावंसं वाटतं. काढता येतं, हे माझं नशीब. हिला काय होत होतं ते मला त्या चमच्यानं सांगितलं. पण ते पुष्कळ नंतर.

शनिवारी सकाळी पुन्हा नारायण पेठ. दुकानात पाच-सहा माणसं होती. मला बाजूला घेऊन बोलता आलं असतं. पण ज्यांच्यासमोर ऐट केली त्यांच्यासारख्याच माणसांसमोर बोलायचं असं मी बसमध्ये ठरवलं होतं. हाही हट्टच म्हणा.

"कुंटे, हा परत घ्या. तुमचं बरोबर होतं. मला ऐकू येत नाही."

दुकान गप्प झालं असावं. मला कसं कळणार?

कुंट्यांनी चपटा डबा घेतला. आत गेले, बऱ्याच वेळानं आले. हातात वीट होती आणि तीन मोठे पंखे, तळहात पसरला तर झाकेल एवढे. "वीट घ्या, वरचे पैसे सवडीनं. विटेला पंखा नाही, तेव्हा मशीनच्या आतला ताप बाहेर काढायला यातला एक लागेल. हे तिन्ही घरी न्या. ज्यांना ऐकायचंय त्यांना ऐकवा, त्या ठेवतील तो ठेवा, बाकीचे आणून द्या."

"अनामत?"

"तो स्क्रू ड्रायव्हर ठेवून जा," ते म्हणाले, आणि मग, "नाही हो, गंमत. न्या."

मी खरंच ठेवून आलो.

दुपारी सुनीनं पंखे विटेला जोडायची सोय केली. मी खाटेशी बसलो, हिच्या डाव्या हातात माझं बोट दिलं आणि म्हणालो, "त्रास झाला की दाब." पहिला लावला. लगेच दाबलं, नख रुतेपर्यंत. दुसरा लावला. तिनं डोळे मिटले, थांबली, पूर्वी साडी घेताना पदर उलटून बघायची तशी थांबली, आणि दाबलं. तिसरा. मी वाट बघितली. बोट सैल. मला भीती वाटली, झोपली की काय, की कंटाळून सोडून दिलं?

"सुने, लावलास ना?"

"फिरतोय अण्णा. मलाही ऐकू येत नाहीये."

हिनं डोळे उघडे ठेवले होते. माझं बोट तिच्या मुठीत नुसतं होतं, माणसाचा हात असतो तसं.

पण हा पंखा मशीनच्या डब्यात मावेना. झाकण मधे आलं. सुनी रडकुंडीला आली, सोमवारी डॉक्टर येणार होते, आणि शिट्टी थांबली तरी ही अजून चार घोट पाण्यापलीकडं काही घेत नव्हती. मी झाकण हातात घेतलं. पत्रा होता, पाऊण मिलिमीटर. पत्रा मला कुणी शिकवायचा नाही, आणि हे वाक्य या वेळी खरं होतं. रविवारी सकाळी झाकण घेऊन मी खाली गेलो, पार लांब रस्त्यापलीकडच्या पिंपळापाशी, आवाज वर जाऊ नये म्हणून. कंपासनं गोल आखला. गोलावर जवळजवळ भोकं पाडली, छिन्नीनं मधली चकती काढली, कानस घेऊन कडा गुळगुळीत होईपर्यंत बसलो. ऊन टाळूवर आलं. गोल गोलच निघाला. पंखा झाकणाच्या वरून चार रबरी बुचांवर बसवला, पत्र्याला पंख्याची थरथर लागू नये म्हणून. दुकानात ठेवला तर कुणी घेणार नाही असा दिसत होता, डोक्यावर टोपी घातलेला डबा.

सोमवारी डॉक्टर अकराला येणार होते. सकाळी आठला सुनीनं मशीन लावलं आणि नकाशा उघडला. आम्ही थांबलो. नऊ वाजले. हिच्या मुठीत चादर नव्हती. साडेनऊला मी मऊ भात केला, तूप घातलं, मीठ चाखून बघितलं, आणि वाडगा घेऊन बसलो.

चमचा पुढं केला. तिनं ओठ मिटलेले ठेवले. माझ्याकडं बघत राहिली.

मागं सुनीच्या खुर्चीनं हालचाल केली ती मला फरशीतून कळली. माझ्याकडं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भाग संपले होते, दिवस संपले होते. होती ती एकच गोष्ट, दुकानभर माणसांना सांगितलेली आणि हिला कधी न सांगितलेली.

"मला ऐकू येत नाही गं," मी म्हणालो. "बरीच वर्षं झाली."

आज सोमवार आहे असं सांगितल्यावर माणूस जसं बघेल, तसं तिनं माझ्याकडं बघितलं. चेहऱ्याची डावी बाजू, तेवढीच तिच्या ताब्यात होती, जराशी वर गेली. आणि तिनं तोंड उघडलं.

घास आत गेला. आता गिळला की नाही हे घशाच्या आवाजावरून कळल्याशिवाय दुसरा द्यायचा नसतो, ठसका लागतो. इतके दिवस मी कळल्यासारखं करून देत होतो. मी चमचा खाली ठेवला आणि सुनीला म्हणालो, "ये इकडं. तू ऐक."

ती येऊन आईच्या उशीशी वाकली.

"गिळला, अण्णा."

मी दुसरा भरला.